रक्तात सापडलेला जंतू आणि आतड्याची दुर्बीण

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय ६८, निवृत्त मुख्याध्यापक, गेल्या महिन्यात सेप्सिसमधून, म्हणजे संसर्गामुळे अवयवांवर बेतणाऱ्या जीवघेण्या आजारातून, वाचले. सुरुवात अगदी साध्या तापाने झाली होती. संध्याकाळी कणकण, रात्री दरदरून घाम आणि सकाळी ताप गायब, असे जवळजवळ तीन आठवडे चालले होते. वजनही चार किलोने उतरले होते. गावातल्या डॉक्टरांनी दोन वेळा गोळ्या दिल्या, दोन्ही वेळा थोडे बरे वाटले आणि ताप पुन्हा आला. मग एका पहाटे मी चहा घेऊन गेले, तेव्हा आप्पांनी माझ्याकडे पाहून "बाई, हजेरी झाली का?" असे विचारले आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. साताऱ्याला पोहोचेपर्यंत वरचा रक्तदाब ८० वर आला होता, श्वास मिनिटाला तीसच्या घरात होता आणि लघवी जवळपास थांबली होती. नऊ दिवस अतिदक्षता विभागात गेले.

रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, 'स्ट्रेप्टोकोकस गॅलोलायटिकस' नावाचा जंतू निघाला. हृदयाच्या सोनोग्राफीत मायट्रल झडपेवर जंतूंचा लहानसा पुंजका दिसला, म्हणून चार आठवडे शिरेतून सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक चालले. आता ताप नाही, भूक लागते आहे आणि आप्पा पुन्हा शब्दकोडी सोडवत आहेत. अशा वेळी डॉक्टर म्हणतात की मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करावीच लागेल, कारण हा जंतू आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे नाते आहे. आप्पांना पोटाची एकही तक्रार नाही. काकांचे म्हणणे असे की झडपेच्या आजारासाठी आतड्यात दुर्बीण घालणे म्हणजे गुडघा दुखतो म्हणून दात काढण्यासारखे आहे. हे नाते खरोखर आहे का, आणि असेल तर किती पक्के आहे?

पेट्रीडिश
कृष्णाकाठ, आप्पा सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. मी बावीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. कल्चरच्या अहवालात हे नाव दिसले की आम्ही नुसता कागद पाठवून गप्प बसत नाही, वॉर्डात फोन करतो.

हे नाते जुने आहे. या जंतूला पूर्वी स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस म्हणत असत, कारण तो गुराढोरांच्या आतड्यात आढळतो. पुढे या गटाची फेरमांडणी झाली आणि त्यातल्या ज्या प्रकाराचा आतड्याच्या गाठींशी सर्वांत घट्ट संबंध दिसत होता, त्याला गॅलोलायटिकस हे नाव मिळाले. हृदयाच्या झडपेचा संसर्ग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाच रुग्णात असल्याची नोंद १९५१ मध्ये झाली होती, पण ती एका रुग्णापुरती असल्याने फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या क्लाइन आणि सहकाऱ्यांनी शौचाच्या नमुन्यांत हा जंतू शोधला. मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या ६३ जणांपैकी ३५ जणांत तो सापडला आणि तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांपैकी फक्त ११ जणांत. तेव्हापासून हा जंतू रक्तात सापडला की आतडे बघायचे, हा धडा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

नंतरच्या अभ्यासांतले आकडे एकमेकांपासून बरेच दूर आहेत. मात्र ज्या रुग्णांची आतड्याची तपासणी पूर्ण झाली, त्यांतल्या सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांत काही ना काही वाढ सापडल्याचे दिसते. ही वाढ बहुतेक वेळा कर्करोग नसते. ती पॉलिप, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी मांसल गाठ असते. म्हणून आप्पांना घाबरवू नका, पण तपासणी टाळूही नका.

काकांना सांगा की झडप आणि आतडे यांच्यात एक गोष्ट समान आहे. या जंतूच्या पृष्ठभागावर केसांसारखे तंतू असतात आणि ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाला घट्ट धरतात. आतड्याचे अस्तर जिथे गाठीमुळे विस्कटलेले असते तिथे कोलॅजेन उघडे पडते, आणि खराब झालेल्या झडपेवरही तेच उघडे असते. एका ठिकाणाहून सुटलेला जंतू दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतो.

उंटावरचा शहाणा
माहिती उत्तम आहे, परंतु मी थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या घरच्या अनुभवावरून सांगतो की एकदा रुग्णालयाच्या फाइलमध्ये नाव शिरले की एका तपासणीतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी निघते. नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला लगेच जुलाबाचे औषध पाजून बेशुद्ध करून दुर्बीण घालायची, यात घाई वाटत नाही का? शौचातले न दिसणारे रक्त तपासण्याची साधी चाचणी असते. ती आधी करावी, नकारात्मक आली तर विषय संपला.

दुहेरी गाठ
शहाणे साहेब, आपला संशय मला कळतो, पण निष्कर्ष मान्य नाही. मी निवृत्त शल्यचिकित्सक आहे, आता कोणाकडूनही शुल्क घेत नाही, त्यामुळे माझ्यावर तरी तो आरोप करता येणार नाही.

शौचातील रक्ताची चाचणी ही निरोगी, तक्रार नसलेल्या लोकांच्या मोठ्या समूहातून कोणाची दुर्बीण करावी हे निवडण्यासाठी असते. सगळे पॉलिप रक्त गाळत नाहीत आणि गाळले तरी रोज गाळत नाहीत. कृष्णाकाठ यांच्या वडिलांची निवड त्या जंतूनेच करून दिली आहे. त्यांच्या बाबतीत ही चाचणी नकारात्मक आली तरी मी दुर्बीण केलीच असती, मग मधला वेळ कशाला घालवायचा?

घाईचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. रक्तदाब सावरल्याशिवाय आणि झडपेची अवस्था स्थिर असल्याची खात्री झाल्याशिवाय कोणी दुर्बीण घालणार नाही. चार आठवड्यांचे औषध पूर्ण झाले आहे, माणूस जेवतो आहे, चालतो आहे, ही वेळ योग्य आहे. आणि "बेशुद्ध" हा शब्द जरा जास्त झाला. बहुतेक ठिकाणी गुंगीचे इंजेक्शन देतात.

कोल्हापुरी चप्पल
गुंगीपेक्षा आदल्या रात्रीचे ते पाणी जास्त लक्षात राहते, एवढेच अनुभवी माणूस म्हणून नोंदवतो. न्हाणीघराच्या दारापाशी पाट टाकून बसावे.

रेवदंडा
हा धागा वाचून लिहावेसे वाटले. आमच्याकडे उलटा क्रम झाला. आईला गुदाशयाचा कर्करोग निघाला, रेडिएशन आणि केमोनंतर शस्त्रक्रिया झाली, गाठ पूर्ण निघाली म्हणून आम्ही पेढे वाटले आणि सहाव्या दिवशी सेप्सिस झाला.

आतड्याची दोन टोके जिथे जोडली होती तिथून गळती सुरू झाली होती. आश्चर्य म्हणजे तिला ताप नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी ती फक्त एवढेच म्हणाली की "मला बरे वाटत नाही, कुठे ते सांगता येत नाही." नाडी १२० होती, पोट फुगलेले होते आणि आदल्या दिवशी चालणारी बाई उठायला तयार नव्हती. सकाळच्या फेरीला आलेल्या तरुण डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून सांगितले. रात्रपाळीच्या सिस्टरने मात्र पोटातून काढलेल्या नळीतला द्रव टॉर्चच्या उजेडात धरून पाहिला आणि त्याचा रंग तिला आवडला नाही. तिने थेट मोठ्या डॉक्टरांना घरी फोन लावला. पहाटे सीटी स्कॅन झाला, सकाळी पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि पोटावर पिशवी आली. आज चार वर्षे झाली, आई ठीक आहे. पिशवी आठ महिन्यांनी गेली. तिने पिशवीला बाळ्या असे नाव ठेवले होते आणि पाहुण्यांसमोर "बाळ्या आज गप्प आहे" असे ती सांगत असे.

माझा प्रश्न डॉक्टरसाहेबांना असा आहे की ही गळती झाल्यामुळे कर्करोग परत येण्याचा धोका वाढतो, असे मी कुठेसे वाचले होते. ते खरे आहे का?

दुहेरी गाठ
रेवदंडा, त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा.

जोडाची गळती हे या शस्त्रक्रियेतले सर्वांत मोठे भय आहे आणि जोड जितका गुदद्वाराच्या जवळ, तितका तिचा धोका अधिक असतो. म्हणूनच खालच्या जोडाच्या वेळी पुष्कळदा सुरुवातीलाच तात्पुरती पिशवी देतात, म्हणजे जोड सुटला तरी मळ पोटात पसरत नाही. गळती उघड होण्याचा काळ साधारण तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या शेवटापर्यंत असतो, आणि त्या दिवसांत रक्तातले सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे प्रथिन, तिसऱ्या दिवसानंतरही १५० च्या वर रेंगाळत असेल तर आम्ही रुग्णाला घरी सोडत नाही, मग तो कितीही हसतमुख असो. आपल्या आईची नाडी १२० होती, ती नोंद खरी बोलत होती. ताप नसलेला सेप्सिस वृद्धांत सर्रास दिसतो.

आता आपल्या प्रश्नाविषयी. गुदाशयाच्या कर्करोगात गळती झालेल्या रुग्णांमध्ये त्याच जागी गाठ परतण्याचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कारणांविषयी एकमत नाही. एक विचार असा की दाह आणि दबलेली प्रतिकारशक्ती यांमुळे मागे राहिलेल्या पेशींना फावते. दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे: शस्त्रक्रियेनंतरची केमो साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी अशी अपेक्षा असते आणि सेप्सिसमधून उठलेला माणूस त्या वेळी धड जेवतही नसतो, त्यामुळे ती लांबते किंवा रद्द होते. आपल्या आईची चार वर्षे गेली आहेत आणि परतणारा आजार बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, हे लक्षात ठेवा.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या भावाचे तर निदानच सेप्सिसने केले. वय ३९. दोन वर्षे शौचावाटे रक्त जात होते आणि दोन वर्षे त्यावर मूळव्याधीचे मलम, चूर्ण, इसबगोल आणि गल्लीतल्या प्रत्येकाचा सल्ला असे उपचार चालले होते. हिमोग्लोबिन ७ वर आले तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पण रक्त जाते कुठे हे कोणी पाहिले नाही. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी पोटात अशी कळ आली की तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला. पोट लाकडासारखे कडक झाले होते. आतडे गाठीच्या जागी फुटले होते आणि मळ पोटात पसरला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, गाठीचा भाग काढून वरचे टोक पोटावर आणले आणि खालचे टोक शिवून बंद केले. त्याला हार्टमनची शस्त्रक्रिया म्हणतात हे मला त्या रात्री कळले. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला, पण फुटलेल्या गाठीचा आजार न फुटलेल्यापेक्षा जड असतो हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

शहाणे साहेब, तपासण्या जास्त होतात ही तक्रार खरी असेल, पण आमच्या घरात एक तपासणी कमी झाली.

उंटावरचा शहाणा
ठेचा, आपला अनुभव वाचून माझी तक्रार या धाग्यापुरती मागे घेतो. उंट बसवला आहे.

गोंयकार
आम्ही फुटबॉलवाले, त्यामुळे एक प्रश्न मनात आला. पेले यांच्या मोठ्या आतड्यातली गाठ सप्टेंबर २०२१ मध्ये काढली होती आणि २९ डिसेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या महिन्यात श्वसनाच्या संसर्गाचे उपचार चालू होते आणि नंतर अनेक अवयव निकामी झाल्याचे जाहीर झाले. हाही सेप्सिसच म्हणायचा का?

दुहेरी गाठ
बातम्यांवरून तसे म्हणू नये. रुग्णालयाने कर्करोग वाढल्यामुळे अनेक अवयव निकामी झाले असे सांगितले होते. अवयव निकामी होण्याची कारणे अनेक असतात. २०१६ पासून जी व्याख्या रूढ आहे तिच्याप्रमाणे सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून अवयवांना झालेली जीवघेणी इजा. संसर्ग, बेताल प्रतिसाद आणि अवयवांची इजा या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसता ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी म्हणजे सेप्सिस नव्हे, आणि नुसते निकामी मूत्रपिंड म्हणजेही नव्हे. गावाकडे "रक्तात इन्फेक्शन पसरले" असे म्हणतात, त्यात या व्याख्येचा निम्मा भागच येतो. कित्येकदा रक्तात जंतू सापडतच नाही, तरीही सेप्सिस असतो.

यॉर्कशायरकर
मी इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका आहे. वर शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे अनुभव आले, पण आमच्या वॉर्डात रोज भेटतो तो केमोमधला सेप्सिस.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्याच काळात औषधांमुळे तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर सोललेले असते. म्हणजे दार उघडे आणि पहारेकरी रजेवर. जंतू बाहेरून यावे लागत नाहीत, रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातलेच पुरतात. इथे प्रत्येक रुग्णाला खिशात ठेवायचे एक कार्ड देतो, त्यावर चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक असतो, आणि ते कार्ड दाखवल्यावर अपघात विभागात रांग लावावी लागत नाही. पेशींच्या अहवालाची वाट न पाहता पहिले प्रतिजैविक एका तासाच्या आत शिरेत गेले पाहिजे असा दंडक आहे.

भारतात असलेल्या नातेवाईकांना मी फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. थर्मामीटर घरात ठेवा, आणि केमो चालू असताना पारा १००.४ फॅरनहाइटला पोहोचला तर आधी रुग्णालयाला फोन करा, पॅरासिटामॉल नंतर. माझ्या मावसभावाने रात्री अकरा वाजता गोळी घेतली, ताप उतरला, सगळे झोपले आणि सकाळी तो उठवता उठेना. वाचला, पण एका पायाची दोन बोटे गेली. पांढऱ्या पेशीच नसल्या तर पू होत नाही, सूज येत नाही, फार वेळा खोकल्यात कफही नसतो, फक्त ताप हीच एक खूण उरते आणि तीच आपण गोळीने पुसून टाकतो. उलट्या, थंडी वाजून अंग थरथरणे किंवा माणूस असंबद्ध बोलू लागणे असे काही दिसले तर पारा कमी असला तरी निघावे.

आणखी एक. कॅपेसिटाबिन किंवा फ्लुरोयुरॅसिल ही केमोची औषधे पचवणारे विकर (एन्झाइम) काही लोकांत जन्मतःच अपुरे असते. अशा रुग्णाला नेहमीचीच मात्रा विषासारखी लागते, भयंकर जुलाब होतात आणि पेशी तळाला जातात. आमच्याकडे पहिल्या मात्रेआधी त्याची रक्ततपासणी करतात. आपल्याकडे ती होते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ताकपुराण
आतड्यातले जंतू बिघडल्याने हे सगळे होते, असे दिसते. मग केमोच्या काळात घरचे दही, ताक, बाजारातल्या चांगल्या जंतूंच्या पुड्या यांचा भरपूर उपयोग करावा, म्हणजे वाईट जंतूंना जागाच उरणार नाही. आमच्या आजीने ताकावर नव्वदी गाठली.

यॉर्कशायरकर
आजीला नमस्कार, पण पांढऱ्या पेशी तळाला असताना जिवंत जंतूंच्या पुड्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. क्वचित का होईना, त्या पुडीतलेच जंतू रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत. दह्याताकाबद्दल प्रत्येक केंद्राचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून आपल्या केंद्राला विचारावे. पेशी वर आल्या की ताक खुशाल प्यावे.

अनुस्वार
मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यामुळे एक शंका आहे. सेप्सिस झालेल्या माणसाच्या दहा तपासण्या होतात, पोटाचा स्कॅन होतो, दुर्बीण होते. ज्याला शोधले त्याचाच कर्करोग सापडणार. मग नाते जंतूचे आहे की तपासणीचे? आणि नाते असलेच तर गाठीमुळे जंतू रक्तात आला की जंतूमुळे गाठ झाली?

पेट्रीडिश
अनुस्वार, पहिल्या शंकेचे उत्तर बऱ्यापैकी मिळाले आहे, दुसऱ्याचे अर्धवट.

नाते केवळ जास्त तपासण्यांमुळे दिसत असते तर ते सगळ्याच जंतूंशी सारखे दिसायला हवे होते. तसे दिसत नाही. हाँगकाँगमधल्या २०१८ सालच्या अभ्यासात रक्तात जंतू सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांचा माग काढला, तेव्हा पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग सापडण्याचे प्रमाण काही ठरावीक जंतूंनंतर ठळकपणे जास्त होते. बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस, फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, आपल्या धाग्यातला गॅलोलायटिकस आणि क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम ही त्यांतली नावे. डेन्मार्कमधल्या नंतरच्या अभ्यासात तर तुलनाच ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात सापडलेल्या रुग्णांशी केली होती, म्हणजे तेही तितकेच आजारी आणि तितकेच तपासलेले. तरीही हवेशिवाय वाढणाऱ्या काही जंतूंचा गट वेगळा उठून दिसला.

क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकमविषयी थांबून सांगते, कारण तो मी एकदाच पाहिला आणि विसरले नाही. कोणतीही जखम नसलेल्या एका शेतकऱ्याच्या मांडीत काही तासांत वायू भरत गेला. त्वचेवर बोट दाबले की कुरकुर आवाज येत होता. कल्चरच्या बाटलीत जंतू वाढल्याची यंत्राची सूचना अपेक्षेपेक्षा फार लवकर वाजली. त्यांच्या उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ होती आणि तिची त्यांना कल्पनाच नव्हती. गाठीच्या आत प्राणवायू फारसा पोहोचत नाही, त्यामुळे हा जंतू तिथे सुखाने राहतो आणि अस्तर फाटले की रक्तात उतरतो.

दुसरी शंका कोंबडी आणि अंड्याची आहे. फ्युजोबॅक्टेरियम हा मूळचा तोंडातला जंतू. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांना तो आतड्याच्या कर्करोगाच्या ऊतीत आसपासच्या निरोगी ऊतीपेक्षा जास्त प्रमाणात सापडला. ई. कोलायच्या काही प्रकारांत कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार होते आणि ते पेशींच्या डीएनएवर विशिष्ट खुणा उमटवते, हे २०२० मध्ये दाखवले गेले. अशा खुणा काही रुग्णांच्या गाठींतही सापडतात. म्हणजे काही जंतूंचा गाठ तयार होण्यात हात असावा असा संशय रास्त आहे. गॅलोलायटिकसच्या बाबतीत मात्र मला स्वतःला तो आयत्या बिळावरचा नागोबा वाटतो: गाठीतली परिस्थिती त्याला मानवते म्हणून तो तिथे वाढतो. माझ्या काही सहकाऱ्यांचे मत उलट आहे आणि त्यांच्याकडेही उंदरांवरचे प्रयोग आहेत. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही बाजूंचा निष्कर्ष एकच निघतो, तो म्हणजे दुर्बीण.

कृष्णाकाठ यांच्या पोस्टमधली एक गोष्ट मला खटकली होती, ती इथेच सांगते. कल्चरसाठी रक्त घेण्याआधी आप्पांना दोनदा प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या गेल्या. तरीही जंतू उगवला हे नशीब. अशा गोळ्यांनंतर बाटल्या पुष्कळदा कोऱ्या राहतात, मग डॉक्टर अंदाजाने औषध देतात, ताप जातो, आणि हा ताप कोणत्या जंतूने आणला होता हे कायमचे कळत नाही. आप्पांच्या बाटल्या कोऱ्या राहिल्या असत्या तर आज कोणी त्यांच्या आतड्याचा विचारही केला नसता.

रेवदंडा
पेट्रीडिश, हे कोणीच सांगत नाही. आठवड्याहून जास्त ताप असेल तर गोळीआधी रक्त द्यावे, असे दवाखान्याच्या भिंतीवर लिहायला हवे.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. सगळा धागा छापून आप्पांना वाचायला दिला. त्यांनी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि तपासणीला होकार दिला. डॉक्टरसाहेबांना एक शंका विचारते: झडपेला नुकताच संसर्ग होऊन गेला आहे, तर दुर्बिणीमुळे आतड्यातले जंतू पुन्हा रक्तात जाऊन झडपेवर बसणार नाहीत का? आधी प्रतिजैविक द्यावे लागते का?

दुहेरी गाठ
शंका योग्य आहे. केवळ झडप वाचवण्यासाठी आतड्याच्या दुर्बिणीआधी प्रतिजैविक देण्याची शिफारस आता नाही, कारण त्याचा फायदा दिसून आलेला नाही. तरी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. मात्र यापुढे आप्पांचा दात काढणे किंवा हिरड्यांमधून रक्त येईल असे कोणतेही दंतकाम असेल, तर दंतवैद्यांना झडपेच्या संसर्गाचा इतिहास आधी सांगायचा आणि प्रतिजैविकाची मात्रा घेऊनच खुर्चीत बसायचे. हे आयुष्यभरासाठी आहे.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी परत आले आहे. दुर्बीण झाली. आदल्या रात्रीचे पाणी पिताना आप्पांनी कोल्हापुरी चप्पल यांची आठवण काढली, पाटही टाकला होता. रुग्णालयाने दिलेल्या सूचनापत्रकातले "पोठ साफ ठेवणे" त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून परत दिले.

दोन पॉलिप निघाले. डाव्या बाजूचा देठ असलेला होता, तो तारेच्या फासाने एका तुकड्यात काढला. उजव्या बाजूचा चपटा आणि सुमारे अडीच सेंटिमीटरचा होता, तो तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला. पडद्यावर तो मला दाखवला, तेव्हा मला तर ती आतड्याची साधी घडीच वाटली होती. काल बायोप्सीचा अहवाल आला. कर्करोग नाही, पण चपट्या पॉलिपमधल्या पेशींत वरच्या पायरीचे बदल आहेत. डॉक्टर म्हणाले की हा अजून काही वर्षे तसाच राहिला असता तर आपण वेगळ्या विषयावर बोलत असतो. तुकड्यांनी काढल्यामुळे सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा पाहायचे आहे.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "गुडघ्यासाठी काढलेला दात किडकाच निघाला म्हणायचा." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे वय ६४ आहे, आतडे आजवर कोणी पाहिलेले नाही, आणि मोठ्या भावाला असे पॉलिप निघाल्यावर त्यांनीही तपासून घ्यावे असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

वऱ्हाडी ठेचा
ताई, फार बरे वाटले. काकांना सोडू नका.

उंटावरचा शहाणा
काकांना माझ्यातर्फे सांगा की मीही नंबर लावला आहे. माझे वय ५७ आहे आणि रक्त तर गेली दोन वर्षे अधूनमधून दिसते आहे, ते मी मूळव्याधीच्या खात्यावर टाकत होतो.

दुहेरी गाठ
शहाणे साहेब, हे आपण पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवे होते. नंबर कधीचा आहे? महिन्यापलीकडचा असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा आणि उद्याच हिमोग्लोबिन करून घ्या.

पेट्रीडिश
कृष्णाकाठ, एक छोटे काम. कल्चरच्या अहवालाची प्रत फाइलच्या अगदी वर लावा. सहा महिन्यांनी दुर्बीण करणारे डॉक्टर कदाचित दुसरे असतील आणि त्यांना फक्त पॉलिप दिसेल. आप्पांना पुन्हा कधी रेंगाळणारा ताप आला, तर गोळीआधी रक्त द्या आणि हाच कागद पुढे करा.

कृष्णाकाठ
लावली आहे. आप्पांनी त्यावर कोपऱ्यात तारीख घालून सही केली आणि लाल शाईने "पालकांनी वाचावे" असे लिहिले.